तारेखालची कलमं

हापूसचं कलम किती उंच वाढू द्यायचं हे बागायतदार ठरवतो, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या वाडीतल्या एका पट्ट्यात ते तार ठरवते. वाघोटनच्या खाडीच्या अलीकडे, राजापूर तालुक्याच्या अगदी दक्षिण टोकाला, एका सड्यावरून (खडकाळ पठारावरून) उतरून बागांवरून जाणारी आणि पलीकडच्या सड्यावर चढणारी २२० के.व्ही.ची (किलोव्होल्टची) विजेची लाईन आहे. तिच्याखाली ३५ मीटर रुंदीचा पट्टा. नकाशावर तो म्हणजे दोन समांतर रेघा. वर तार मात्र कशाला समांतर नाही. टॉवरपाशी ती उंच, मध्यावर सगळ्यात खाली, आणि तो खालचा बिंदूही ऋतूप्रमाणे, दिवसाच्या वेळेप्रमाणे, कुठल्या शहरात किती एसी चालू आहेत त्याप्रमाणे वरखाली होत राहतो.

नोकरीची सुरुवातीची वर्षं मी असल्याच लाईनी ओढण्यात काढली. त्यामुळे लाईनीबद्दल वाडीत कुणाची काही तक्रार असली की ती माझ्या खळ्यात येऊन बसते. तात्यांची सगळ्यात जुनी. त्यांची कलमं बरोबर दोन टॉवरांच्या मध्ये येतात, आणि दर दोन-तीन वर्षांनी कोयता-करवत घेऊन माणसं येतात.

"मेल्यांनो, तार वायच ओढून घेवक काय झाला तुमका?" तात्या विचारतात. 'तुमका' म्हणजे मी आणि वीज खात्यात जे कोणी असेल ते.

प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. अंगणात दोन माडांना बांधलेल्या दोरीवर ओली गोधडी टाकून बघावी. मध्ये खड्डा पडतो. दोरी ओढली की तो कमी होतो, आणखी ओढली की आणखी थोडा कमी होतो, पण दोरी सरळ काही होत नाही. त्याआधी ती तुटते, नाहीतर गाठ सुटते. गोधडीचं वजन तोलायला दोरीला वरच्या दिशेने ओढणारं काहीतरी हवं, आणि तसं ओढता यायला ती थोडी तरी तिरकी असावी लागते. अगदी आडवी दोरी कितीही ताणली तरी वजन उचलू शकत नाही. विजेच्या तारेवर गोधडी नसते, पण तिचं स्वतःचंच वजन पुरतं.

आमच्या डोक्यावरच्या कंडक्टरचं, म्हणजे तारेचं, नाव झेब्रा. ही प्राण्यांची नावं इंग्रजांच्या वेळची. गावातल्या छोट्या लाईनीला रॅबिट नाहीतर वीझल, ३३ के.व्ही.ला डॉग, १३२ ला पँथर, ४०० ला मूस. कोकणच्या रानात झेब्रा एवढाच. तो ५४ अॅल्युमिनियमच्या आणि मधल्या ७ पोलादी तारांना पीळ देऊन केलेला असतो. जाडी साधारण २८.६ मिलिमीटर, वजन मीटरला १.६२ किलो, आणि तुटायला साधारण १३ टनांचा ताण लागतो. एवढी ताकद असताना रोजचा ताण मात्र त्याच्या २२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तीन टनांच्या थोडा आतच ठेवतात. टॉवरमधलं अंतर ३५० मीटर धरलं तर या ताणाला मध्यावर साडेआठ मीटरचा झोळ पडतो.

हिशेब सोपा आहे: एका मीटरचं वजन गुणिले अंतराचा वर्ग, भागिले ताणाची आठपट. यातला 'वर्ग' हा शब्द सगळी भांडणं लावतो. अंतर दुप्पट केलं की त्याच ताणाला झोळ चौपट होतो. उलट झोळ निम्मा करायचा तर ताण दुप्पट करावा लागतो. तात्यांचं म्हणणं मानलं तर झेब्रा कायम ४४ टक्क्यांवर ताणलेला राहील. थंडीत तार आखडते तेव्हा हा ताण आणखी वाढेल, वादळात त्याहून जास्त, आणि लाईन जिथे वळते तिथल्या टॉवरवर तर सगळा भार एका बाजूला येईल. पण खरा शत्रू मंद, एकसारखा वारा. त्यात जास्त ताणलेली तार बारीक थरथरत राहते, आणि क्लॅम्पपाशी एकेक धागा वर्षानुवर्षं वाकून थकतो, मग तुटतो. टॉवरजवळ तारेला आखूड केबलच्या दोन टोकांना वजनं अडकवलेली दिसतात ती ही थरथर खाऊन टाकण्यासाठी. स्टॉकब्रिज नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने ही युक्ती १९२० च्या दशकात काढली आणि जगभर ती जवळजवळ तशीच चालू आहे.

हे सगळं तात्यांना पटतं. पटत नाही ती पुढची गोष्ट, आणि मला स्वतःला ती अजूनही नवलाची वाटते. ३५० मीटरच्या त्या गाळ्यात साडेआठ मीटर खाली आलेली तार सरळ अंतरापेक्षा किती लांब असेल? लोक दहा मीटर म्हणतात, कोणी पाच म्हणतो. प्रत्यक्षात जेमतेम ५५ सेंटीमीटर. साडेतीनशे मीटरांत हातभर जास्त तार, आणि तेवढ्यानेच मध्ये दुमजली घराएवढा झोळ. म्हणूनच तारेची लांबी जराशी बदलली की झोळ भराभर बदलतो.

लांबी बदलते तापमानाने. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. दोघांना एकत्र वळल्यावर झेब्राचं प्रसरण दोन्हींच्या मध्ये कुठेतरी येतं. ३२ अंशांना साडेआठ मीटर झोळ असलेली ती तार ७५ अंशांना नेली, तर उष्णतेने तिची लांबी २९ सेंटीमीटर वाढते. झोळ वाढला की ताण उतरतो, ताण उतरला की तार थोडी आखडते, अशी ओढाताण होऊन झोळ शेवटी १०.२ मीटरवर थांबतो. डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांना तोच ७.८ मीटर असतो. म्हणजे थंडीतली पहाट आणि तापलेली तार यांत २.४ मीटरचा फरक.

तात्या तार बघतात ती डिसेंबरात. मोहोरावर फवारणी चालू असते, तेव्हा नजर आपसूक वर जाते. "पुरुषभर जागा आसा अजून," ते म्हणतात. त्या पहाटे ती असते. मे महिन्यात, फळ काढणीला आलेलं असताना, नसते.

७५ अंश हा आकडा ऐकून लोक हसतात. कोकणात ७५ अंश कुठले? हवेचे नाहीतच. तार तापते ती मुख्यतः तिच्यातून जाणाऱ्या करंटने, आणि करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. वरून ऊन. थंड करायला वारा. अशा लाईनींची क्षमता ठरवताना वारा सेकंदाला ०.६ मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ नाहीच, असा धरतात. समुद्राकडच्या सड्यावर दुपारनंतर खारा वारा सुटला की तार त्या हिशेबापेक्षा बरीच थंड राहते. पण तीच लाईन पुढे सह्याद्रीच्या पायथ्याच्या खोलगट दऱ्यांत शिरते, तिथे मे महिन्याच्या दुपारी पानही हलत नाही. एकाच लाईनीतला एकच करंट, आणि इथे झोळ कमी, तिथे जास्त. पावसाळ्यात तार थंडच असते, पण तेव्हा खालून बांबू वाढतो. माणग्याचा कोंब एका पावसात जुन्या काठीच्या उंचीला जातो. त्यामुळे लाईनीखाली आंब्यापेक्षा बांबूची धास्ती जास्त, आणि ती रास्त आहे.

बर्फाचं ओझं हा जगभरच्या पुस्तकांतला मोठा धडा. तो आपल्याला सोडून देता येतो. त्याच्या जागी मीठ आहे. खाऱ्या हवेत पोलादी गाभ्यावरचा जस्ताचा थर जातो आणि आतून गंज सुरू होतो. म्हणून किनाऱ्याजवळ गाभ्याला ग्रीस भरलेला कंडक्टर किंवा पोलादच नसलेला, अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा कंडक्टर वापरतात. त्याचं वजन, ताकद, प्रसरण सगळंच निराळं, म्हणून झोळही निराळा. शिवाय अॅल्युमिनियम वर्षानुवर्षांच्या ताणाने कायमचं थोडं लांबतं. आज ओढलेली तार दहा वर्षांनी त्याच तापमानाला थोडी खाली असते, आणि ते आधीच हिशेबात धरावं लागतं.

आम्ही लाईन ओढायचो तेव्हा हे सगळं एका तक्त्यात आलेलं असायचं. डावीकडे तापमान, वर अंतर, चौकटीत झोळ. कंडक्टरचा एक तुकडा टॉवरवर टांगून त्याच्या आत थर्मामीटर घालायचा, कारण हवेचं तापमान वेगळं आणि उन्हातल्या तारेचं वेगळं. मग दोन्ही टॉवरवर तार जिथे अडकणार त्याच्या खाली तेवढ्या झोळाइतक्या अंतरावर फळी बांधायची. एका फळीवरून दुसऱ्या फळीकडे बघत राहायचं आणि वायरलेसवरून सांगत राहायचं, "घ्या, घ्या, अजून घ्या, बस." तारेचं पोट नजरेच्या रेषेला टेकलं की काम झालं. उन्हं चढली की हवा लहरायला लागते आणि तारही नाचताना दिसते, म्हणून हे काम सकाळचं.

छोट्या लाईनीवर याहून मजेदार पद्धत आहे. तार मेलेली (वीज बंद असलेली) आणि अर्थ केलेली (जमिनीला जोडलेली) असताना टोकाशी तिला एक झटका द्यायचा. लाट पलीकडच्या खांबापर्यंत जाते, परत येते, पुन्हा जाते. हातात घड्याळ. एका फेरीला लागलेल्या सेकंदांचा वर्ग करून ०.३०७ ने गुणलं की झोळ मीटरमध्ये येतो. फेरीला दोन सेकंद लागले तर सव्वा मीटर. तार जाड आहे का बारीक, खांब किती लांब, ताण किती, काहीच विचारायचं नाही. समीकरणात ते सगळं एकमेकांना कापून जातं. डिप्लोमाला हे कुणी शिकवलं नव्हतं. एका फोरमनने खांबाखाली उभं राहून दाखवलं, आणि रात्री मी कागदावर सिद्ध करून बघितलं तेव्हा झोप उडाली.

तारेच्या या आकाराने मोठमोठ्यांना चकवलं आहे. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात लोंबत्या साखळीचा आकार पॅराबोलाच्या (फेकलेल्या दगडाच्या वाटेसारख्या वक्राच्या) फार जवळ जातो असं लिहिलं. खरा आकार काय हे १६९१ साली लायब्निट्स, हायगेन्स आणि योहान बर्नुली या तिघांनी वेगवेगळं सोडवून दाखवलं. तो पॅराबोला नाही. आमच्या ३५० मीटरच्या गाळ्यात या दोन आकारांच्या झोळांतला फरक एक सेंटीमीटरही भरत नाही. तेव्हा फोरमनच्या कामापुरता गॅलिलिओ बरोबर होता म्हणायला हरकत नाही.

आता तात्यांच्या कलमांकडे. लाईन जमिनीपासून किती वर हवी याचा नियम असा: ५.२ मीटर, आणि ३३ के.व्ही.च्या पुढे दर ३३ के.व्ही.ला, उरलेल्या तुकड्यालासुद्धा, ०.३ मीटर. २२० ला हे ७ मीटर होतात. आणि झाडाचा शेंडा व तार यांच्यात २२० के.व्ही.ला ४.६ मीटर मोकळे हवेत. तार पूर्ण तापलेली असताना मध्यावर ती जेमतेम सात मीटरवर असेल, तर तिथलं झाड २.४ मीटरच्या वर जाता कामा नये. हापूसच्या कलमाला हे म्हणजे जन्मभर शाळकरीच राहा म्हणण्यासारखं. पण मध्यापासून टॉवरकडे अर्ध्या वाटेवर तार अडीच मीटर वर गेलेली असते. तिथे जवळजवळ ५ मीटरचं झाड चालतं. टॉवरपासून ३० मीटरवर ९ मीटरचंही चालतं. हे सपाट जमिनीचं. एकाच बागेत, एकाच पट्ट्यात, एका कलमाला २.४ मीटर आणि बऱ्याच ओळी सोडून दुसऱ्याला ९.

तोडणाऱ्या टोळीच्या हातात मात्र रुंदी असते, उंची नसते. ३५ मीटरच्या आत आलं ते साफ. माझं भांडण इथे आहे. आमच्या लाईनीवर तर सपाट जमीन क्वचितच. सड्याच्या कडेवरून समोरच्या सड्याच्या कडेवर तार जाते, मध्ये पऱ्याची (ओढ्याची) दरी. उतारावर सगळ्यात खालचा बिंदू मध्यावर राहत नाही, खालच्या टॉवरकडे सरकतो. दोन टॉवरांच्या उंचीतला फरक झोळाच्या चौपटीहून वाढला, म्हणजे आपल्या हिशेबात ३४ मीटरच्या पुढे गेला, की तो बिंदू टॉवरच्याही पलीकडे जातो आणि तार खालच्या टॉवरला चक्क वर उपटायला लागते. थंडीत जास्तच. म्हणून दरीच्या तळाशी टॉवर उभारणं जाणती माणसं टाळतात, आणि एका झेपेत दरी ओलांडतात. ६०० मीटरच्या झेपेला झोळ २५ मीटरच्या आसपास पडतो. पण दरीच साठ-सत्तर मीटर खोल असेल, तर तळाशी उभ्या असलेल्या ऐन-किंजळ-रायवळ आंब्यांना त्या तारेचं काय? वनजमिनीसाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे: डोंगराळ भागात पुरेसं अंतर असेल तिथे, तार ओढायला लागतील तेवढी सोडून, झाडं तोडायची नाहीत. आमच्या पऱ्यातली तोडली. ठेकेदाराच्या माणसाला मी लाईनीचा उभा छेद (जमीन आणि तार यांची बाजूने काढलेली आकृती) दाखवायला सांगितला, तर तो म्हणाला, तो ऑफिसात असतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेच्या ईशान्य भागातले आणि कॅनडातले मिळून पाच कोटी लोक अंधारात गेले. त्याच्या सुरुवातीला ओहायोतल्या ३४५ के.व्ही.च्या तीन लाईनी पाऊण तासाच्या आत एकामागून एक झाडांना टेकून बंद पडल्या. पहिली बंद पडली तेव्हा ती तिच्या क्षमतेच्या ४४ टक्के भारच वाहत होती. म्हणजे तार फार खाली आली नव्हती. झाड फार वर गेलं होतं. असं झाल्यावर कुठलाही अधिकारी करवत घेऊनच फिरणार. पण 'झाड किती वर गेलं' हे बघायला झाड आणि तार दोन्ही मोजावी लागतात. सरसकट तोडणं म्हणजे मोजण्याचा कंटाळा.

राजापूर रोड स्टेशनवर तात्यांना मला पेचात पकडायची आणखी एक संधी मिळाली. रोहा ते ठोकूर कोकण रेल्वेचं पूर्ण विद्युतीकरण २०२२ साली देशाला अर्पण झालं, तेव्हापासून रुळांवर तारा आहेत आणि ठरावीक खांबांवर पुलीवरून लोखंडी वजनं टांगलेली दिसतात. "ही बघ, ही तार कशी सरळ! रेल्वेक जमता तर तुमका कित्याक नाय?" ती वजनं नेमकं तेच करतात, उन्हात तार लांबली की वजन खाली उतरतं आणि ताण जसाच्या तसा राहतो. पण रेल्वेला ते परवडतं कारण तिचे तुकडे दीड किलोमीटरच्या आतले, दोन आधारांत अंतर जास्तीत जास्त ७२ मीटर, आणि आधार बाजूला झुलणारे. तिथला झोळ मुळातच लहान. पुन्हा तो 'वर्ग'. ३५० मीटरला वजनं लावून जे साधेल ते एक टॉवर मध्ये उभारून स्वस्तात साधतं. "मग उभारा," तात्या म्हणाले. "तुमच्या बागेत?" मी विचारलं, तेव्हा गाडी आली.

आता कार्बन फायबरच्या गाभ्याचे कंडक्टर आले आहेत. त्यांचा गाभा उष्णतेने जवळजवळ लांबतच नाही, त्यामुळे तापूनही झोळ कमी पडतो. कलमांना दोन मीटर जास्त मिळतील अशी मला आशा होती. पण वाचलेली जागा झाडाला द्यायची की त्याच तारेतून जास्त करंट न्यायचा, असा प्रश्न आला की काय होतं ते सांगायला नको.

तात्यांना पटवताना मी शेवटी झोळाचा नाद सोडून झेल्याकडे, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीकडे, वळलो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला आता घरोघरी आहे. त्याची काठी बांबूची, आणि हल्ली अॅल्युमिनियमच्या लांबवता येणाऱ्या काठ्याही मिळतात. तार सात मीटरवर. माणूस दोन मीटरच्या फांदीवर उभा, हातात चार मीटरची काठी. बेरीज करा. आणि २२० के.व्ही.ला शिवावं लागत नाही. जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते. दमट हवेत बांबूचाही भरवसा नाही. तात्या यावर काही बोलले नाहीत, पण त्या वर्षी मधल्या कलमांची काढणी त्यांनी जमिनीवरून, आखूड काठीने करून घेतली.

नंतर आम्ही रीतसर अर्ज केला. मे महिन्यात, भर दुपारी, एक तरुण इंजिनिअर टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) घेऊन आली आणि तिने प्रत्येक कलमाच्या शेंड्याची आणि वरच्या तारेची उंची घेतली, त्या वेळचा लोड सबस्टेशनला फोन करून विचारून घेतला आणि ७५ अंशांना तार कुठे येईल ते काढलं. तोडायच्या यादीतली टॉवरकडची झाडं गळली. मध्यावरची काही तोडावी लागली, काही २.४ मीटरवर छाटून ठेवायचं ठरलं. तात्यांनी त्यांच्याखाली अननस लावला आहे.

आता अडलंय ते भरपाईपाशी. कॉरिडॉरमधल्या, म्हणजे तारेखालच्या पट्ट्यातल्या, जमिनीसाठी केंद्राने २०१५ साली मूल्याच्या १५ टक्क्यांपर्यंत आणि २०२४ च्या सुधारित सूचनांत ३० टक्क्यांचा दर सांगितला, ते एक. झाडाचं वेगळं. आमच्या हातात आलेल्या फॉर्मात जात, वय, घेर, उत्पन्न आणि 'तोडले / न तोडले' एवढेच रकाने आहेत. दरवर्षी छाटून आखूड ठेवलेल्या, निम्मंही फळ न देणाऱ्या जित्या कलमासाठी त्यात जागा नाही. तात्यांनी मला तिथे पेनाने नवीन रकाना आखायला लावला आणि त्याखाली सही केली. तो फॉर्म कचेरीतून एकदा परत आलाय. आम्ही तो तसाच पुन्हा पाठवलाय, सोबत लाईनीचा उभा छेद जोडून.